कन्हानची कोरी रेती

त्या दिवशी आमच्या गल्लीत नळ सहाऐवजी नऊला आला. सुखदेवला दोन शब्द सुनवायचे म्हणून मी तणतणत बाहेर पडलो, तर शेजारी म्हणाले, "गुरुजी, सुखदेव पहाटेच गेला. पान्याचा व्हॉल खोलाले कोनी नव्हतं." पांढुर्ण्याच्या गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या या माणसाला जाऊन आता सव्वा महिना झाला. मला अजून सहाच्या आत जाग येते, आणि उगाच नळाकडे कान लागतात.

तो नगरपालिकेत, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. दोघंही एकटे. मी लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली. संध्याकाळी त्याच्या खोलीवर बैठक जमे, म्हणजे तो, मी आणि त्याची जुनी बाजाची पेटी. भीमजयंतीच्या गाण्यांना वस्तीत चाली लावायचा तोच. चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात मी रामाकोन्याला बसून कन्हान रंगवली आणि चित्र त्याला दिलं. मे महिन्यातली नदी… काठाशी पाण्याची एक रेघ, बाकी सगळी रेती. रेतीचा मधला भाग कोराच राहिला होता, कारण माझी पिवळ्या रंगाची ट्यूब संपली होती. नवी आणायचा आळस केला, आणि त्याला काही बोललो नाही. तो मात्र त्या कोऱ्या जागेसमोर महिनाभर बसला.

"गुरुजी, ह्या रेतीखालून पानी चालूनच राहिलं ना?" त्याने एकदा विचारलं. मी हो म्हणून मोकळा झालो.

मग त्याने नदीची चाल बांधली. पाण्याच्या रेघेला चार सूर, आणि रेती आली की एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवायचा. पेटीच्या फटींतून हवा फुसफुसत राही. "नळाले पानी यायच्या अगोदर अशीच हवा येते," तो म्हणाला. "आयकनाऱ्याले समजते, पानी येऊन राहिलं."

सौसरच्या एका कार्यक्रमात त्याने ती चाल वाजवली. हवा सुरू झाली तसे लोक हसले. मागून कोणीतरी "पेटी फाटली" म्हणालं. परतताना बसमध्ये मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि ते सगळं मी त्याच्यावरच काढलं. "अरे, तिथे काहीच नाही. माझा रंग संपला होता. भर तिथे काहीतरी." तो म्हणाला, "असं होय काय." ती चाल त्याने माझ्यासमोर पुन्हा वाजवली नाही. माफी मागायला मला पाच वर्षं होती… रोज भेटत होतो.

गेल्या आठवड्यात बोरगावची त्याची बहीण खोली रिकामी करायला आली. पेटी आणि चित्र तिने माझ्यापुढे ठेवलं. "पेटी बिघडली होय, गुरुजी. म्या जवा जवा आली, तवा ड्युटीवर जायच्या आधी दादा नुसती हवाच काढून राहे. म्या म्हनलं, दुरुस्त करून आन. तर म्हने, गुरुजीची नदी होय थे, चालू दे." मी तिच्यासमोरच रडलो.

चित्र आता माझ्या भिंतीवर आहे. पिवळी ट्यूब केव्हाच आणलेली आहे, पण ती जागा मी भरणार नाही. पेटीतलं मला काही कळत नाही, पट्ट्यांना मी हातही लावत नाही. सहाच्या आधी उठतो, चित्रासमोर बसतो आणि भाता हलवतो. त्याच्या चालीतलं तेवढंच मला वाजवता येतं.