खोकल्याचा कागद

वहिनी गेल्याचं मला नगरच्या कचेरीत कळलं. फोन साहेबांच्या टेबलावर असायचा, त्यांनीच बोलावून रिसीव्हर हातात दिला. पलीकडे दादा, माझा थोरला भाऊ. "सिंधू पडली रे अंगनात... उठलीच न्हाई," एवढंच बोलला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. सोनईच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या खिशात चार घड्यांचा एक कागद होता. उसाच्या ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी का लावावी, याची माहिती त्यात होती. येत्या शनिवारी वहिनींना द्यायचा म्हणून आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमची पिठाची गिरणी सोनईत, बौद्धवस्तीच्या तोंडाशी. दादा कारखान्यात नोकरीला, त्यामुळे गिरणी सगळी वहिनींच्या हातात. सुरुवातीला वरच्या आळीतली माणसं आमच्याकडे दळण टाकत नसत. कारण कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. पण गावातली दुसरी गिरणी विजेवर चालायची आणि आमची डिझेलच्या इंजिनावर. लाइट गेली की भुकेपुढे सोवळं कितीसं टिकणार? सगळ्यांत आधी आले ते रंगनाथअण्णा, चांगले बागायतदार. डबा स्वतः खांद्यावर घेऊन आले आणि "बाजरी हाय, जरा बारीक काढ पोरी," म्हणून पोत्यावर टेकले, जणू कालही येऊन गेले होते. मग बाकीचेही येऊ लागले.

वहिनी सातवी शिकलेल्या, पण अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. एकदा एका बाईचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात जाता जाता वाचला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी 'पट्ट्याजवळ पदर खोचून उभे राहा' असं मोठ्या अक्षरांत लिहून, पिठाचीच खळ करून कागद भिंतीला चिकटवला. त्याच सुमारास नगरमध्ये आमच्या कचेरीजवळ इंटरनेटची एक खोली निघाली होती. मी हौसेनं जायचो. यंत्र आधी बराच वेळ किंचाळायचं, मग एकेक पान जिवावर आल्यासारखं उघडायचं. तिथली एक-दोन नवलं मी गिरणीत बसून सांगितली आणि वहिनींनी मला कामालाच लावलं. दर आठवड्याला मी इंग्रजीतलं वाचून मराठीत उतरवून न्यायचं, त्यांनी ते सुवाच्य लिहून भिंतीवर लावायचं; हे आम्हा दोघांतच, बाकीच्यांना वाटे वहिनी पेपरांतून उतरवतात. भाजलं तर पीठ, शाई, टूथपेस्ट काही लावू नका, गार पाणी ओतत राहा. फवारताना वाऱ्याकडे पाठ करा. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एक नवल हवंच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे वाचून गावानं आठवडाभर एकमेकांची हृदयं मोजली. मी विचारलं, "वहिनी, हे कशाला?" तर म्हणाल्या, "नुस्ता काढा कोन पितं भावजी? वर गुळाचा खडा लागतो."

त्यांची चौकसपणाची भूक दांडगी होती. सन दोन हजार लागलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आपली गिरणी चालंल ना?" ती डिझेलवर चालते म्हटल्यावर त्यांना केवढं हायसं वाटलं! मी फार हसलो होतो. शिकलेल्या माणसाला असं हसायची, आपल्यालाच सगळं कळतं असं मानायची खोड असते... ती खोड मला महागात पडायची होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मला एका ओळखीच्यानं मेल पाठवला. माणूस एकटा असताना छातीत कळ आली तर त्यानं जोरजोरात खोकत राहावं, म्हणजे हृदय चालू राहतं आणि जीव वाचतो, असा त्यातला मजकूर. खाली 'दहा जणांना पाठवा' अशी विनंती. इंग्रजी ऐटबाज होतं, कुण्या मोठ्या डॉक्टरनं लिहिल्यासारखं. मी कुणालाही न विचारता ते मराठीत उतरवलं आणि शनिवारी वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी एकच विचारलं, "खरं हाय ना भावजी?" मी म्हणालो, "इंटरनेटवरचं आहे, वहिनी." या उत्तराची मला आज लाज वाटते.

भिंत सगळ्यांत मन लावून वाचायचे ते रंगनाथअण्णा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. पंधरा दिवसांनी सकाळी मळ्यात त्यांच्याच छातीत कळ आली. मुलगा जीप काढायला धावला, तर अण्णा त्याला म्हणाले, "थांब. गिरनीत लिव्हलंय. खोकून बघतो." बांधावर बसून हा माणूस दुपारपर्यंत खोकत राहिला. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा त्यांना नगरला नेलं. जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झाला. "लगेच आणलं असतं तर एवढं झालं नसतं. खोकायला सांगितलं कुणी?" असं तिथले डॉक्टर मुलावर ओरडले.

दोन दिवसांत गावभर झालं. 'गिरणीवाली डॉक्टर झाली' इथून सुरुवात होऊन बोलणं जिथं जायचं तिथं गेलं. वरच्या आळीतले डबे यायचे बंद झाले. मी धावत सोनईला गेलो, वहिनींना म्हणालो, "सांगून टाका, कागद मी आणला होता." खरं सांगतो, त्यांनी नाही म्हणावं अशीच माझी आतून इच्छा होती. वहिनी गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी आनला. पन चिकटवला कोनी? खळ माझ्या हाताला हुती." त्यांनी माझं नाव शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही, दादालासुद्धा नाही.

दादा तो कागद फाडायला निघाला होता. वहिनींनी त्याचा हात धरला. "भिंतीवरला फाडशाल. लोकांच्या डोक्यातला कसा फाडायचा?" मग लाल स्केचपेननं त्या मजकुरावर मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं, 'हे खोटे आहे. यामुळे आपल्या गावातील माणसाचे नुकसान झाले. छातीत दुखले तर खोकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. चूक माझी. सिंधू.' ज्या बाईच्या गिरणीत यायला लोक आधीच निमित्तं शोधायचे, तिनं हे स्वतःच्या अक्षरात लिहिलं. नंतर एकट्या नगरला जाऊन अण्णांच्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. अण्णांच्या मुलानं त्यांना नको ते सुनावलं. त्या ऐकून परत आल्या.

मी त्यानंतर इंटरनेटच्या खोलीकडे फिरकलो नाही. तर वहिनींचा निरोप आला : शनिवार चुकवायचा न्हाई. फक्त एक नवीन रीत त्यांनी घातली. माझा कागद आधी सरकारी दवाखान्यात न्यायच्या, रोग्यांच्या रांगेत केसपेपर काढून बसायच्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाल्या, "मला न्हाई, कागदाला तपासा." डॉक्टर हसले, पण पेन काढून बसले आणि माझं निम्मं लिखाण खोडलं. त्यांची सही असल्याशिवाय मग एकही कागद भिंतीवर चढला नाही. ऑक्टोपसच्या जातीच्या नवलांनासुद्धा सही लागायची. हळूहळू डबे परत आले. इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही आणि ते त्यांना तोंडावर एकदाही म्हणालो नाही.

वहिनींच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अण्णा काठी टेकत आले. वंदना संपल्यावर गिरणीत जाऊन बसले. इंजिन बंद होतं. शेजारच्या दोघी-तिघी जेवणाचं बघत होत्या. मी अण्णांजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. मेल माझा, मराठी माझी, कुणाला न विचारता दिलेली खात्रीही माझीच.

अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "इतकं दिस का बोलला न्हाईस?"

"भ्यालो, अण्णा."

"ती न्हाई भ्याली."

अण्णांनी काठीनं भिंतीवरच्या त्या लाल फुलीच्या कागदाकडे दाखवलं. "मंग लिव्ह तिथं. तिचं खोडू नगंस."

वहिनींच्या नावाखाली थोडीशीच जागा होती. मी माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या एका म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं अण्णांना विचारलं, "काय लिव्हलं वो त्यानं?"

"सिंधूचा दीर हाय म्हनून लिव्हलंय," अण्णा म्हणाले.