विहारातल्या पंख्याची तीन पाती

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझंच वाक्य कानात येतं: "बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

मी तेव्हा बदलापूरला सहायक निरीक्षक होतो. चिखलोलीकडे इमारती उठत होत्या, प्रत्येक सात-बाऱ्यावर कुणाचा तरी डोळा होता. जमिनीचं प्रकरण म्हटलं की आम्ही हात झटकायचो. अंबरनाथहून साठी ओलांडलेली एक बौद्ध बाई दोन महिन्यांत दोनदा आली. दोन्ही वेळा मी तिला हेच ऐकवून वाटेला लावलं. नावं कुणाचीच लिहीत नाही.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती खुर्चीवर बसलीच नाही. अर्ज आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवली. जमीन विकण्यासाठी तिच्या चुलत भावाने ते प्रतिज्ञापत्र तहसील कचेरीत दिलं होतं. त्यात तिच्या वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं: 'महायुद्धात बेपत्ता, अविवाहित.'

"साहेब, जमीन घेऊ दे त्याला," ती म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती. "फक्त हा शब्द खोडा. बाप ब्रह्मदेशात लढायला गेला तेव्हा मी पोटात होते. आई मरेपर्यंत कुंकू लावत होती, माणूस येईल म्हणून. तो अविवाहित, मग माझी आई कोण? मी कोण?"

मी अर्ज ठेवून घेतला. खरं सांगतो, तो फायलीत तसाच पडून राहिला असता. पण त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, त्या बाईची आई आमच्याच गावात नांदलीय. विहारात येऊन विचारा ना."

गेलो. जमीन होती त्या गावातली चार वयस्कर माणसं विहारात बोलावली आणि जबाब घ्यायला बसलो. चौघांचं उत्तर एकच: "लय जुनी गोष्ट हाय साहेब, आठवत नाय." चुलत भाऊ कंपनीत ऑफिसर, शिवाय विहार समितीचा अध्यक्ष. त्याच्याशी वाकडं कोण घेणार? फोन करणाराही त्या चौघांतच बसला होता, असा माझा आजही अंदाज आहे.

भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. घाम पुसायला मान वर केली, तर पात्यांवर लाल रंगात अक्षरं. पहिल्या पात्यावर 'कालकथित', म्हणजे बौद्धांत दिवंगतांना लावतात तो शब्द, आणि बेपत्ता सैनिकाचं नाव. दुसऱ्यावर 'त्यांच्या पत्नी कालकथित' आणि बाईच्या आईचं नाव. तिसऱ्यावर 'स्मरणार्थ भेट: मुलगी व पुतण्या', खाली दोघांची नावं. मी शिडी मागवली, फोटो काढून घेतले आणि तिथेच पंचनामा केला.

हे आधी का नाही सांगितलं, असं नंतर बाईला विचारलं. म्हणाली, "दान दिलेल्याचं बोलून दाखवू नये, साहेब."

दुसऱ्या दिवशी चुलत भावाला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. तासभर त्याने मला कायदा शिकवला. मी ऐकून घेतलं, कारण स्वतःचा मोठेपणा सांगताना माणूस सावध नसतो.

मग सहज विचारलं, "विहाराला तुमच्या घरचं बरंच काही दिलेलं दिसतं?"

"पुष्कळ. कपाट, माइक, पंखा..."

"पंखा कुणाच्या स्मरणार्थ?"

मी फोटो पुढे सरकवला. त्याने तो उचलला आणि पात्यांवरची अक्षरं वाचली.

"बिल्डरला सह्या लगेच पाहिजे होत्या. ताईची सही म्हणजे तिचा वाटा आला. काका परत आलेच नाहीत, त्यांचं कोण विचारणार, असं वाटलं." मग फाइल बंद करत म्हणाला, "साहेब, मला काकीनेच वाढवलंय."

फसवणूक आणि खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. दुरुस्त वंशावळ हातात यायला मात्र वर्ष गेलं. माझा हवालदार प्रत घेऊन अंबरनाथला गेला आणि तशीच परत घेऊन आला. बाई वीस दिवसांपूर्वी वारली होती.

पुढे त्या गावात बंदोबस्ताला गेलो असता विहारात डोकावलो. जुन्या पंख्याशेजारी नवा पंखा फिरत होता. मी बटण बंद करून उभा राहिलो. 'कालकथित', मग बाईचं नाव, त्यापुढे तिच्या वडिलांचं. तिसऱ्या पात्यावर 'स्मरणार्थ भेट: भाऊ'.

मला त्याचा संताप आला. जिवंतपणी मागितलं ते मेल्यावर दिलं! पण मी तरी वेगळं काय केलं होतं? त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलाशी आलेल्या प्रत्येकाचा अर्ज आधी घेतला, पोच दिली, मगच बोललो.

मी तिला दोनदा परत पाठवलं, त्यात दोन महिने गेले होते. तिला वीसच दिवस कमी पडले.