गुणाबाईचा उजवा हात

गुणाबाईशी माझं भांडण जुनं. पनवेलच्या मासळी बाजारात ती कोळंबी विकायची आणि मी रोज म्हणायचे, "पाणी जोखताय की कोळंबी?" मग ती पाटी तिरकी करून पाणी निथळवायची, पुन्हा जोखायची आणि वर मला दोन शिव्या हासडायची.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात, मी नर्स होते त्याच वॉर्डात ती आली. उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टरांनी स्तन काढला, काखेखालून नळी घातली आणि नळीला बाटली लावली. अशा जखमेच्या आत पाणी साचतं, ते बाहेर यावं म्हणून.

गुणाबाई धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. गावच्या कितीतरी पोरी तिने गाऊन सासरी धाडल्या होत्या आणि आता ऑपरेशननंतर नवव्या दिवशी तिच्याच पोरीचं, रूपाचं लग्न होतं. मी सकाळी बाटली मोजायला गेले की तिचा एकच प्रश्न, "बाय, मना घरी कवा सोरणार?"

"दिवसाचं पाणी तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतील," मी एकदा वैतागून म्हटलं. तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी बाटलीत ऐंशी होतं, पाचव्या दिवशी पंचवीस. मी खुशीत कागदावर लिहिलं. नळी निघाली आणि गुणाबाई माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडून घरी गेली.

सातव्या दिवशी तिचा नवरा विठू तिला रिक्षात घालून परत घेऊन आला. अंगात फणफणून ताप, आणि टाक्यांखाली नारळाएवढा फुगवटा. डॉक्टरांनी सुई घातली तर पू मिसळलेलं गढूळ पाणी निघालं.

"गुणाबाई, खरं सांगा, काय केलंत?"

"बाटली खोलून मोरीत वतली," ती म्हणाली. "तूच बोलतंस ना, पानी निथळवून जोखायचं."

मी तिच्यावर ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन दिवस थांबली असती तर नळी आपसूक निघाली असती, लग्नही मिळालं असतं.

नवव्या दिवशी विठूला तिनेच मांडवात पिटाळलं. धवले गायला दुसरी बाई बोलावली होती.

"बाय, किती वाजलं?"

"बारा पस्तीस."

मुहूर्ताची वेळ होती. तिने डोळे मिटले आणि धवला म्हणायला लागली. तापाने आवाज फाटला होता, शब्द मध्येच अडकत होते. वॉर्डात गाणं चालत नाही, पण मला तिला गप्प करवेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने डोक्यावर पदर घेतला.

शेवटी गुणाबाईने अक्षता टाकायला उजवा हात उचलला. तो हात वर न्यायचा नाही, असं मीच तिला दहादा बजावलं होतं. तिने मूठ उघडली. मुठीत तांदळाचा एक दाणाही नव्हता. हात खाली आणायचं बळ तिला उरलं नव्हतं, म्हणून मी तो धरून ठेवला.