कार्डावर छापायचं नाव

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे आधीच कबूल करते. त्यामुळे गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अलकनंदाकाकू पेंढारकर जेव्हा म्हणाल्या, "बँकेत येतेस का माझ्याबरोबर? क्रेडिट कार्ड बदलावं की नाही, ते बघायचंय," तेव्हा मी ताबडतोब ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

काकूंचं जुनं कार्ड नावालाच त्यांचं. मूळ कार्ड सूर्यकांतकाकांचं, आणि त्याला जोडून काकूंना मिळालेलं हे दुसरं. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेत. काकूंनी बाजारात कार्ड टेकवलं की मेसेज काकांच्या फोनवर वाजतो, आणि काकू पिशवी घेऊन वर येईपर्यंत काका दारात हजर. "अगं, साडेसातशेचं काय घेतलंस?" काका दुष्ट नाहीत, त्यांना फाइल पूर्ण लागते एवढंच. पण अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने दारातच स्पष्टीकरण का द्यावं? मला तर ऐकूनच राग यायचा.

स्वतंत्र कार्डाला पगार लागतो आणि काकूंना पगार नाही. मात्र मुदत ठेवीवरही कार्ड मिळतं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. ठेव होती. याच बँकेच्या साताऱ्याच्या शाखेत त्यांच्या आईने लेकीच्या नावाने, तिच्या कॉलेजच्या दिवसांत ठेवलेली आणि दर वेळी मुदत वाढवत नेलेली. आई गेल्या वर्षी गेली आणि पावती काकूंकडे आली.

बँकेत रुचिता नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिने पावती पाहिली, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा पावती पाहिली.

"आंटी, ये मीनाक्षी बर्वे कौन हैं?"

"मैं," काकू म्हणाल्या.

"और अलकनंदा पेंढारकर?"

"वो भी मैं."

रुचिताने माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला आमच्याकडची रीत सांगितली. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं. आडनावच नाही, पहिलं नावसुद्धा.

"पहला नाम भी? और बैंक में नहीं बताते?" तिचे डोळे विस्फारले.

नाही सांगत. तांदळातलं नाव सगळ्या नातेवाइकांनी पाहिलेलं असतं, मग आणखी कुणाला कशाला सांगायचं, असा आमचा हिशेब. पुढे आधार निघालं ते नव्या नावाने, आणि साताऱ्याची ठेव मात्र जुन्याच नावाने वाढत राहिली.

रुचिताने दोन मार्ग सांगितले. लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आणलं की ठेव अलकनंदाच्या नावावर, आणि आठवड्यात कार्ड हातात. दुसरा मार्ग उलटा. वर्तमानपत्रात जाहिरात, राजपत्रात नोंद, मग आधार बदलायचं आणि त्यानंतर मीनाक्षीच्या नावाचं कार्ड. त्याला महिनोन्‌महिने लागणार. एवढं कोणी करत नाही, असंही ती म्हणाली. काकू मात्र अर्जातला एक रकाना पुन्हा पुन्हा वाचत होत्या. कार्डावर कोणतं नाव छापायचं, असा तो रकाना होता.

संध्याकाळी मी खाली गेले. चहाचं निमित्त होतं, पण कुतूहलाने माझा जीव जात होता.

"सोपा मार्ग असताना राजपत्र कशाला?" काका विचारत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखा सरकारी नव्हता. "ते नाव मी ठेवलंय. लग्नाआधी बद्रीनाथला गेलो होतो, तिथे ती नदी पाहिली. पंधरा दिवस विचार केला होता मी. नको झालं का आता ते?"

मला हे नवीनच होतं. बहुधा काकूंनाही.

"नाव छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कधी मारलीत का त्या नावाने हाक? चौतीस वर्षं 'अगं' म्हणताय. अलकनंदा म्हणतात ते दवाखान्यातले आणि गॅसवाले. मीनाक्षी म्हणणारी एक आई होती, रोज सकाळी फोन करायची. ती गेल्यापासून मला त्या नावाने कोणी बोलावलेलं नाही. इतकं एकटं वाटतं, काय सांगू तुम्हाला."

काकांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "आडनाव?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते राहू दे. दारावरची पाटी नवीनच केलीय."

मग पाच महिने गेले. अर्ज काकांनीच लिहिले, तीन-तीन प्रतींत, आणि राजपत्राच्या कार्यालयात खेटेही त्यांनीच घातले. एकदा एका कारकुनाने मुद्दा काढला तर त्याला नियम ऐकवून आले म्हणे. घरात हाक मात्र 'अगं'च होती. सवय अशी सहजासहजी मोडत नाही, आणि काका लाजाळूही आहेत.

कार्ड आलं त्या रविवारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी खात होते. बेल वाजली. काकांनी दार उघडलं.

"मीनाक्षी पेंढारकर? खुद साइन करना पड़ेगा," कुरिअरवाला म्हणाला.

काका आत वळले. "अगं..." म्हणाले आणि थांबले. कुरिअरवाला पाकीट धरून उभा होता. काकांनी घसा खाकरला.

"मीनाक्षी!"

आवाज जरा चढाच लागला. काकूंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"काकू, जा ना, तो थांबलाय," मी म्हटलं.

"थांब गं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अजून एकदा मारू दे हाक."