सोडवणुकीची कोंबडी

वातुलोरो गावात कास्मिनीइतकं भरभर कुणी चालत नसे. पाठीवर कोबीची टोपली घेऊन ती उतार असा उतरायची की मागच्या बायका वैतागून ओरडायच्या, "अगं कास्मिनी, बाजार काय पळून चाललाय?" ती मागे न बघता म्हणायची, "बाजार नाही, पण तुमच्या गप्पांनी कोबी सुकतोय." सुंबिंग डोंगराच्या अंगावर वसलेल्या आमच्या गावात माणूस चालीवरूनच ओळखावा लागतो. सकाळच्या धुक्यात तोंड कुणाचंच दिसत नाही.

दोघी बहिणीच. वडील गेले तेव्हा थोरल्या तुमिराहला फणसाच्या लाकडाचं घर मिळालं आणि धाकट्या कास्मिनीला बांबूच्या बेटालगतचा जमिनीचा तुकडा. दगडगोटेच जास्त, पण त्या तुकड्यातल्या तंबाखूच्या पानाला असा वास यायचा की व्यापारी पान नाकाशी धरून डोळे मिटायचा. तुमिराहचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला. मूलबाळ नव्हतं. कास्मिनीने लग्न केलं खालच्या गावातल्या वागियोशी. देखणा, कष्टाळू, पण बापजाद्यांपासून दुसऱ्याच्या रानात राबलेला. बायकोच्या जमिनीवर पोट भरतो म्हणून गावात त्याला कुणी हसलं नाही. तो स्वतःच स्वतःला टोचत राहायचा.

मग सरकारी माणसं आली. समुद्रापलीकडे सुमात्रात जंगल तोडून जमीन वाटत होते. जो कुटुंब घेऊन जाईल त्याला घर, अवजारं आणि पहिली पिकं येईपर्यंत तांदूळ. वागियोने त्याच दिवशी नाव दिलं. घरी येऊन म्हणाला, "माझ्या नावाची जमीन, कास्मिनी. माझ्या नावाची." कास्मिनी तेव्हा दिवसांत होती. त्याचा चेहरा बघून तिने मान डोलावली.

मुलगी झाली ती नेमकी आईच्याच जन्मवारी. वारही तोच आणि आम्ही वारासोबत मोजतो त्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवसही तोच. सुईणपण करणाऱ्या म्हाताऱ्या म्बाह रोनोने तेव्हाच कपाळाला हात लावला. एका घरात, एका छपराखाली आई आणि लेक एकाच दिवसाच्या असल्या की दोघींतली एकच जगते, असं आमच्याकडे धरतात. आणि खरंच मुलगी दूध टिकू देईना. बघता बघता तिची मान चिमणीच्या पिलासारखी झाली.

"टाकून द्यावी लागेल," म्बाह रोनो म्हणाली.

टाकायचं म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पहाटे कास्मिनीने बांबूच्या सुपलीत वाळका पाला घातला, आपल्या नेसत्या वस्त्राची पट्टी फाडून पोर तिच्यात गुंडाळली आणि वाटा फुटतात त्या जागी, केरकचऱ्याच्या ढिगाशी नेऊन ठेवली. आता वळायचं आणि चालू पडायचं. मागे बघायचं नाही. बघितलं तर पोराची ओढ आईच्या मागे लागते.

कास्मिनीने बघितलं. फक्त एकदा, बांबूच्या बेटाच्या आडून.

तुमिराह झाडू घेऊन आली. ठरलेलं नाटकच, पण ती ते मनापासून करत होती. "कोणाचा हा कचरा? गावच्या बायकांना लाज नाही, माझ्या दारात आणून ओततात!" तिने झाडू मारला, वाकली आणि ओरडली, "अगंबाई, कचऱ्यात पोर आहे! सापडली, मला सापडली! आता मागायला येईल त्याचे हात तोडीन!" कडेला उभे असलेले लोक हसले. पोरीचं नाव तेमू पडलं. तेमू म्हणजे सापडलेली.

पुढची रीत अशी की पोर उचलणाऱ्याच्या घरी एक तंबाखूचा हंगाम राहते. तब्येत धरली की आई एक नाणं आणि जिवंत कोंबडी घेऊन येते, पोर सोडवून नेते. मग घरोघरी पानांच्या द्रोणांतून जेवण वाटतात. अशी सोडवलेली कितीतरी पोरं आमच्या गावात आज आजोबा झाली आहेत.

पण सुमात्राला जाणाऱ्यांना न्यायला सरकारी ट्रक हंगाम संपण्याआधीच आला. तारीख बदलली होती.

कास्मिनी धावत तुमिराहच्या घरी गेली. तेमू भाताची पेज पिऊन नुकतीच झोपली होती. गालावर थोडा रंग आला होता. "यू, मी तिला नेते," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला ती यू म्हणायची.

"ने की. आणि बोटीआधीच्या छावणीत डॉक्टरने हिला बघितलं की तुम्हा तिघांना परत पाठवील. वागियो तुला जन्मभर तेच ऐकवील." तुमिराह हळू आवाजात बोलत होती, पोर जागी होऊ नये म्हणून. "आत्ता कुठे तिने तब्येत धरलीय गं. एक पीक होऊ दे. मग ये कोंबडी घेऊन. मी कुठे पळून जातेय? तोवर तुझा तुकडा मी कसते, त्यातच हिचं दूधपाणी होईल."

ट्रकचा भोंगा वाजत होता. कास्मिनीने झोपलेल्या पोरीचे पाय हुंगले आणि ती गेली.

सुमात्रात वागियोला त्याच्या नावाची जमीन मिळाली. तिच्यात झाडांची खोडं होती, खालून आंबट पाणी झिरपायचं, आणि रानडुकरं कसावा माणसांआधी खणून न्यायची. पहिलं पीक बुडालं. दुसऱ्या वर्षी मुलगा झाला, चालायला लागला आणि तापाने तीन दिवसांत गेला. मग पुन्हा एक मुलगा. तो गोरा, गुटगुटीत, सतत हसायचा. पावसाळ्यात त्यालाही तोच ताप आला. कास्मिनी त्याला पाठीला बांधून दवाखान्यापर्यंत चालत गेली. चालण्यात तिची बरोबरी कोण करणार? तरीही पोहोचेपर्यंत पाठीवरचं ओझं गप्प झालं होतं. कसाव्याच्या वाफ्यामागे आता दोन लहान थडगी होती. त्यानंतर मूल झालं नाही, आणि गावी जायच्या भाड्याइतका पैसा वर्षानुवर्षं उरला नाही.

रात्री तिला एकच गोष्ट आठवायची. बेटाच्या आडून आपण मागे वळून बघितलं.

पुढे लावलेल्या काळ्या मिरीला चांगला भाव आला त्या वर्षी वागियो म्हणाला, "जाऊन ये. तुझा तुकडा विकून टाक, इथे शेजारची जमीन घेऊ. आणि पोरीला घेऊन ये. मोठी झाली असेल, घरात एक हात वाढेल."

बस, बोट, पुन्हा बस. पायथ्याच्या पाराकानच्या बाजारात उतरल्यावर तिने आधी कोंबडी निवडली. तांबडी, जड, डोळ्यांत चमक असलेली. नाणं तिने घरूनच पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. माल नेणाऱ्या लहान ट्रकमध्ये कोबीच्या रिकाम्या पोत्यांवर बसून ती वर आली आणि गावाबाहेरच उतरली. सोडवायला येणाऱ्या आईने चालत यावं, असं तिला वाटलं.

वाटेत पुढे एक मुलगी गवताचा भारा घेऊन चालली होती. कास्मिनीला तिला गाठायला धाप लागली.

"कोणाकडे?" मुलीने न थांबता विचारलं.

"तुमिराहकडे."

"मग या माझ्या मागे. म्बोक शेतात असेल. म्बोक म्हणजे माझी आईच. कोंबडी विकायचीय का? आमच्याकडे आहेत ढीगभर. आणि राग मानू नका, पण तुमची म्हातारी आहे."

"म्हातारी नाही. प्रवासाने दमलीय."

"तुम्हीपण दमलात. म्बोक म्हणते, माझ्याबरोबर चालायचं तर माणसाने आधी जेवून यावं." मुलगी हसली. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. वागियोचे दात. "तुमचं नाव काय?"

"कास्मिनी."

"अय्या, मग तुम्ही माझ्या मावशी! सुमात्राच्या! म्बोक तुमच्या गोष्टी सांगते. तुम्ही बाजारात सगळ्यांच्या आधी पोहोचायच्या ना?"

"अजून काय सांगते?"

"की तुम्ही फार लांब आहात, म्हणून मी तुमच्यासाठी दुवा मागायचा." भारा सावरत ती पुढे म्हणाली, "मी कचऱ्यात सापडले, ठाऊक आहे? पोरं चिडवतात. मी सांगते, तुम्ही नुसते जन्मलात, मला तरी कुणी उचलून घेतलंय."

कास्मिनीने कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. चढ होताच, धापेचं निमित्त पुरलं.

शेतातून नुकत्याच परतलेल्या तुमिराहने दारातच बहिणीला मिठी मारली. मग तिची नजर कोंबडीवर गेली आणि हात सैल पडले. तेमू पाणी आणायला गेल्यावर दोघी चुलीशी बसल्या. मक्याचा भात शिजत होता. पातेलं उतरवायला तुमिराहने एक चिंधी घेतली. रंग गेला होता, पण काठ कास्मिनीने ओळखला. तिच्याच नेसत्या वस्त्राची ती पट्टी होती.

"तिला सांगितलं नाहीस तू," कास्मिनी म्हणाली.

"कोणत्या तोंडाने? दर वर्षी म्हटलं, येईल कास्मिनी, तीच सांगेल. मग दर वर्षी वाटायला लागलं, नको येऊ दे." तुमिराह कोबीची पानं मोडत होती, गरजेपेक्षा जास्त. "तुझी आहे. ने. मी गावासमोर उचलली, गावासमोर देईन. फक्त रात्री तिच्या पायात गोळे येतात, तेव्हा तेल कोमट करून लाव. गार तेलाने ओरडते. आणि वांगं खात नाही. खाल्लं म्हणते आणि मांजराला घालते. आणि..." तिने तोंड चुलीकडे वळवलं. "धूर लागतोय."

धूर नव्हता. चूल नीट पेटलेली होती.

कास्मिनीने मग मुलांबद्दल सांगितलं. पहिल्याचं गावाला कळलं होतं, दुसऱ्याचं नव्हतं. तुमिराह ऐकत राहिली. "दोन्ही?" एवढंच म्हणाली.

"जे मी जवळ ठेवलं ते गेलं, यू. टाकलं तेवढंच राहिलं."

रात्री तेमूला शिंका येऊ लागल्या. ओलं गवत वाहिलं की येतातच, तुमिराह म्हणाली, आणि आलं घालून गुळाचं पाणी दिलं. पोर लगेच झोपली. कास्मिनी मात्र तिच्या उशाशी बसून राहिली. कपाळाला हात लावला तर कढत वाटलं. पुन्हा लावला तर नाही वाटलं. आपलाच हात तापलाय की काय, तिला कळेना. कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबडी खुडबुडत होती. अजून नाणं दिलं नव्हतं, कोंबडी दिली नव्हती. नुसतं आपण एका छपराखाली आलो आणि पोर शिंकायला लागली. सोडवल्यावर काय होईल? तिथे डास होते, आंबट पाणी होतं, आणि दवाखाना तिच्यासारख्या चालणारीलाही लांब होता. निदान एका छपराखाली नको म्हणून ती हळूच उठली आणि बाहेर उघड्या ओट्यावर जाऊन बसली.

सकाळी तेमू ठणठणीत होती. मांजराशी भांडत होती.

कास्मिनी गावच्या मुखियाकडे गेली. तिच्या लहानपणचा सोबती तो. म्हणाला, "विकायला आलीस ना तुकडा? गिऱ्हाईक तयार आहे, आत्ता बोलावतो."

"विकायचा नाही. तेमूच्या नावावर करायचा."

मुखियाने तिच्याकडे बघितलं. त्या पहाटे तोही वाटेच्या कडेला उभा राहून हसला होता. "वागियोला काय सांगशील?"

"सांगेन, दगडगोट्यांना गिऱ्हाईक नाही मिळालं."

"बरं." त्याने लिहायला घेतलं. मग थांबला. "मुलीच्या आईचं नाव लागतं."

कास्मिनीचं बोट पदराच्या गाठीतल्या नाण्यावरून फिरत होतं.

"तुमिराह," ती म्हणाली.

मुखियाने लिहिलं, आणि तिचा अंगठा घेताना तिचा हात नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला.

तुमिराहला तिने एवढंच सांगितलं की बांबूच्या बेटालगतचा तंबाखू तेमूला ओळखायला शिकव. तुमिराह रडायला लागली तेव्हा कास्मिनी चिडून म्हणाली, "यू, पोर बघेल. आणि मला चढायचंय, ट्रक निघेल." तेमू शाळेत होती. कास्मिनीने तीच वेळ निवडली होती. कोंबडी टोपलीतून सोडून परसात बाकीच्या कोंबड्यांत मिसळू दिली.

ट्रकमध्ये तिच्या शेजारी कोबी विकणारी एक बाई बसली होती, वरच्या वाडीची, अनोळखी. ट्रक हलला, वाटा फुटतात तिथे वळला, आणि मागून हाक आली.

"मावशी! ओ मावशी! तुमची कोंबडी राहिली!"

शाळा लवकर सुटली असावी. कास्मिनीने समोरच्या पत्र्यावर नजर रोवली.

"अहो, ती पोर तुम्हालाच हाक मारतेय," शेजारीण म्हणाली. "कोंबडी घेऊन धावतेय. थांबवू का गाडी?"

"नको. कोंबडी तिलाच दिलीय."

"तिला ठाऊक नाही वाटतं. बघा तरी! काय पाय आहेत पोरीचे, ट्रकला गाठील."

कास्मिनीने दोन्ही हातांनी पोतं घट्ट धरलं. मान दुखायला लागली. "अजून धावतेय?"

"धावतेय... नाही, थांबली. कोंबडी फडफडली हातातून. धरली परत."

"खोकतेय का?"

"खोकेल कशाला? हसतेय. हात हलवतेय." बाईने कास्मिनीकडे नवलाने बघितलं. "तुम्हीही हलवा की."

कास्मिनीने मान न वळवता, खांद्यावरून हात वर केला आणि ट्रक उताराला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.