खाडीकाठची सुसर

“पुढे सुसर आसा हां, सांभाळून जावा.” खाडीकाठच्या वाटेवर कोणी गाणी लावून आलं की तिथे रोज बसणारे एक काका आपुलकीने सांगत. दोघंच असली तर सुसर लहान असे, घोळका असला तर पिल्लंवाली. मी तिथे रोज चालते, तिची शेपटीही पाहिलेली नाही. मी अबोल, म्हणून मला ते नुसता हात करत.

यंदा पुढच्या वळणावर टिटवीने वाटेतच अंडी घातली आणि काका तिथून हलेनात. रविवारी स्पीकरवाला घोळका आला.

“काका, फेकू नका,” एकजण हसला आणि माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही इथल्याच ना? खरंच सुसर आहे?”

काका स्वतःच्या चपलांकडे बघू लागले.

“काल दोन होत्या,” मी म्हणाले.