बाबांनी शिवलेले केस

"मॅडम, माझ्या भुवया खाली येत नाय," अश्विनी म्हणाली.

येतील कशा! डोक्याची कातडी इतकी ताणलेली, की पोरगी सारखी दचकल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी रोह्याला लग्न. पेणमध्ये मी बावीस वर्षं पार्लर चालवतेय, पण दचकलेल्या नवरीचा मेकअप मला येत नाही.

डेंग्यूनंतर तिचे केस गळून निम्मे झाले होते. लग्नात भरघोस अंबाडा हवा, म्हणून तिनं ऑनलाइन एक्स्टेंशन मागवली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच बसवली.

सोपं करून सांगते. आधी टाळूलगत बारीक आडव्या वेण्या घालायच्या. एक्स्टेंशन म्हणजे पट्टीला शिवलेली केसांची झालर. ती वाकड्या सुईनं, सुती दोऱ्यानं त्या वेण्यांवर टाचायची. काढताना दोरा कापला की झालर हातात येते.

"मागे हात कसा पोचला गं तुझा?"

"मागचं बाबांनी शिवलं."

"बाबा टेलर आहेत?"

"नाय. खाडीची जाळी विणतात."

मी कपाळाला हात लावला. दोरा जाळ्याचा, काळा नायलॉन. गाठीही जाळ्याच्या. त्यात बाईसाहेबांनी सकाळी खसाखसा डोकं धुतलेलं, त्यामुळे गाठी आणखी आवळलेल्या.

मी कात्री घेतली आणि पहिला दोरा कापला. तो दोरा नव्हताच. करंगळीएवढी बट तिच्या मांडीवर पडली. काळ्यात काळं, दिसणार काय डोंबल! आधीच केस मोजके, त्यात मी हा पराक्रम केला. अश्विनी रडायला लागली, पण भुवया वरच. मला हसू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

"बाबा कुठे आहेत?"

"बाहेर रिक्षात. तुमची लेडीज ओन्लीची पाटी हाय ना."

"पाटी गेली खड्ड्यात. बोलव त्यांना."

बाबा आत आले. खुर्चीत ब्लीच लावून बसलेल्या काकींनी किंचाळून टॉवेल तोंडावर ओढला. बाबा खाली फरशीकडे बघत म्हणाले, "गाठ पक्की हाय ना, मॅडम? माझ्या हातची कधी सुटली नाय."

"तेच तर रडगाणं आहे! सोडवा आता."

"जाळ्याची गाठ कोण सोडवत नाय. कापून टाकायची."

"बाबा, इथं जाळ्याखाली तुमची मुलगी आहे."

त्यांनी मान वर केली. लालबुंद झालेली टाळू बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. "एवढं दुखत व्हतं, तर बोलली का नाय गो?"

"तुम्ही चष्मा लावून एवढं मन लावून शिवत होता. कसं बोलू?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, बराच वेळ पुसला. मग स्टुलावर बसले. माझा टोकदार शेपटीचा कंगवा मागितला, थोडं खोबरेल तेल मागितलं.

"ओढायची नाय, मॅडम. ओढली का आवळते. मागं ढकलायची."

एकेक गाठ सुटायला लागली. मी मोबाइलचा टॉर्च धरला. माझा हात दुखायला लागल्यावर तो काकींनी घेतला. टॉवेल केव्हाच खाली पडला होता. "भाऊ, कानामागे एक राहिली," त्या म्हणाल्या, तेव्हा मला त्यांचं ब्लीच आठवलं. अगं आई गं! आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटची गाठ सुटली आणि भुवया जागेवर आल्या. पोरगी अगदी बापासारखी दिसत होती.

मग मी सुती दोऱ्यानं चार ओळी नीट शिवल्या. बाबांनी एक ओढून बघितली. "ही सुटंल."

"सुटायलाच हवी, बाबा. दोन महिन्यांनी काढायची आहे."

त्यांना काही पटलं नाही. रिक्षात जाऊन बसले.

लग्न झकास झालं. दोन महिन्यांनी अश्विनी माहेरी आली, तेव्हा एक्स्टेंशन काढायला माझ्याकडे आली. चारही ओळी दहा मिनिटांत उसवल्या, पण झालर काही निघेना. मानेपाशी बोट फिरवलं तर काळा नायलॉन!

"हळदीच्या आधी बाबांनी एकच टाका घातला," ती हसत म्हणाली. "पण या वेळी दुखतंय का, ते तीनदा विचारलं."

मी कात्री खाली ठेवली. "लाव त्यांना फोन."

तेव्हापासून माझा एकच नियम. घरी शिवलेलं डोकं आलं, की कात्रीला हात लावण्याआधी विचारायचं, टाके कुणाचे?